सैल ठेवलेली चासी

रुग्णालयातून फोन आला तेव्हा कापडाच्या थप्पीवर कटर चालू होता. धायरीत माझं शाळांचे गणवेश शिवायचं छोटं वर्कशॉप आहे. कटर मध्येच थांबवला तर खालचे थर सरकतात आणि अख्खी थप्पी वाया जाते. म्हणून मी फोन खांद्यात धरून ऐकलं, "हो, निघते" म्हणाले, आणि कापणी पूर्ण करूनच निघाले. नंतर हे लोकांनी बोलून दाखवलं. सख्खा भाऊ गेला आणि ही चड्ड्या कापत बसली... बसले नव्हते, उभी होते. आणि दादाला ते पटलं असतं. अर्धवट सोडलेल्या कामाचा त्याला मनापासून राग होता.

माझा दादा, श्रीधर, एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाला. लग्न केलं नाही. राहायला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आणि जेवायला आमच्याकडे. आता काही आठवडे झाले, तरी भेटायला येणारे विचारतात, "रिटायर झाल्यावर काय करायचे हो?" मी सांगते, चासी बनवायचा. "म्हणजे गॅरेज होतं?" नव्हतं. त्याची चासी माझ्या तळहातावर मावायची. मग चहा निवेपर्यंत सगळं समजावून सांगावं लागतं. मला एका जागी बसून तेच तेच सांगायचा कंटाळा आहे, म्हणून एकदाच लिहून टाकते.

लाकडी ट्रॅक असतो, वळणावळणाचा, एखाद्या हॉलभर पसरलेला. त्यात खाचा असतात आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना विजेच्या पट्ट्या. छोट्या गाडीच्या पोटाखालची जीभ त्या खाचेत बसते. प्रत्येकाच्या हातात एक ट्रिगर. जितका दाबाल तितकी गाडी पळते. स्टिअरिंग नाही, काही नाही. वळणावर जास्त दाबलं की गाडी खाचेतून उडून भिंतीवर आपटते. त्या गाडीचा वरचा प्लास्टिकचा देखणा भाग सगळ्यांना दिसतो. खालचा सांगाडा, म्हणजे चासी, ज्यावर मोटर आणि चाकं बसतात, तो कुणी बघत नाही. तो दादा बनवायचा, पितळेच्या पट्ट्या आणि स्प्रिंगची तार सोल्डर करून.

हा नाद पुण्यात आला तो परदेशाहून आणलेल्या खेळण्यांच्या सेटांमधून. गाड्या आपटून मोडायच्या आणि सुटे भाग इथे मिळायचे नाहीत. मग ज्याची गाडी मोडली तो स्वतःच खटपट करायला लागला. येरवड्याला एका गॅरेजच्या वरच्या हॉलमध्ये हौशी मंडळींनी ट्रॅक मांडला होता. रविवारी तिथे प्रत्येक जण आपापली चासी घेऊन यायचा. एकानं सायकलच्या आऱ्यांची केली होती, एकानं बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याची. एक प्राध्यापक होते, त्यांच्या चासीचं ड्रॉइंग इतकं सुंदर असायचं की चासी बनवायची त्यांना गरजच वाटली नाही. कुणी कुणापासून काही लपवायचं नाही, अशी तिथली रीत होती. गाडी उलटी करून शेजाऱ्याला दाखवायची, त्यानं बघायचं, घरी जाऊन तसंच करायचं आणि पुढच्या रविवारी तुम्हालाच हरवायचं.

दादा त्यात शिरला तो टूलरूमचा माज घेऊन. आयुष्यभर तो एकच गोष्ट शिकला आणि शिकवत आला होता, की दोन भागांत प्ले, म्हणजे ढिलेपणा, नको. हललं की चुकलं. त्याची पहिली चासी तशीच झाली, दगडासारखी. सरळ रस्त्यावर बाणासारखी सुटायची आणि वळण आलं की उडायची. त्यानं ती आणखी घट्ट केली. आणखी उडायला लागली. मग एका रविवारी आपटून तिच्या बाजूचा सांधा अर्धवट तुटला, पट्टी लटकायला लागली, आणि ती गाडी तशीच तुटक्या अवस्थेत वळणाला चिकटून गेली. घरी आला तो फणफणतच. "तुटल्यावर चांगली पळते म्हणजे काय?" मी पोळ्या करत होते. तो ओट्यापासून गॅलरीपर्यंत येरझाऱ्या घालत होता. मी म्हटलं, "बाही काखेत घट्ट शिवली तर हात वर होतो का? नाही होत. जरा सैल ठेवावी लागते." त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या कारखान्याला शिवी दिली. पण त्यानंतर त्याच्या चासीला बिजागऱ्या आल्या. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बारीक नळीत तार घालून लटकत ठेवायच्या, जरा हलत्या. गाडी हातात घेऊन हलवली की खुळखुळायची. "ज्या गोष्टीसाठी कारखान्यात पोरांना ओरडलो," तो म्हणायचा, "तीच आता कौतुकानं करतोय." पुढे त्या खुळखुळणाऱ्या चासीसाठी बाहेरगावाहूनही विचारणा येऊ लागली.

गंमत अशी की गाडी चालवायला मात्र दादा अगदीच वाईट होता. त्याला धीर नव्हताच. सिग्नलला रिक्षा थांबली की तो उतरून चालायला लागायचा. ट्रिगर हातात आला की पूर्ण दाबणार आणि पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर. उचलून परत ठेवणारे वैतागायचे. म्हणून तो आपली गाडी दुसऱ्याला चालवायला द्यायचा आणि कडेला उभा राहून सूचना करायचा, त्या इतक्या की चालवणारा शेवटी म्हणायचा, "काका, एकतर तुम्ही चालवा, नाहीतर तुम्ही गप्प बसा."

मग केतन आला. हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला, मुलगा हुशार आणि तोंडानं तिखट. त्यानं कॉम्प्युटरवर चासी आखली आणि लेझरनं स्टीलच्या पत्र्यातून कापून आणली. एकसारख्या हव्या तितक्या, आणि दादाच्या चासीपेक्षा सरळ सरळ वेगवान. हळूहळू सगळ्यांनी त्याच घेतल्या. पितळ सोल्डर करणारे एकेक करून थांबले. कुणाचे डोळे गेले, कुणाची हौस गेली. दादा तेवढा उरला. केतन आमच्याकडे जेवायला यायचा आणि दोघांचं जुंपायचं.

"काका, तुमची गाडी म्हणजे हेरिटेज आहे."

"हेरिटेज म्हणजे कसं? पालिका पाडू देत नाही आणि आत कुणी राहू शकत नाही, तसलं?"

"अहो, कौतुक केलं!"

"पुण्यात कौतुक असं करत नाहीत. आधी नावं ठेव, मग बघू."

त्यानंतर वर्षभरात दादाचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी चालणं सुधारलं, हात नाही. सोल्डरिंग आयर्नचं टोक सांध्यावर टेकायच्या ऐवजी सांध्याभोवती फिरायचं. मी म्हटलं, पुरे आता. तो म्हणाला, "एक चासी करायची आहे. पूर्ण हातानं केलेली, आणि ती पूर्ण शर्यत पळली पाहिजे. मग आयर्न बंद." नुसती केली असं नको होतं त्याला. लेझरच्या गाड्यांमध्ये शेवटपर्यंत टिकलेली हवी होती, आणि हात पुरता जायच्या आत.

ती चासी आम्ही दोघांनी मिळून केली असं मी म्हणणार नाही. आयर्नला त्यानं मला हात लावू दिला नाही. मी पकडीनं पट्टी धरायची आणि गप्प राहायचं. डाव्या बाजूच्या सांध्याला त्याचा हात इतका हलला की सोल्डरची गुठळी झाली, गुळाच्या खड्यासारखी. तो कानशीनं घासायला निघाला. मी म्हटलं, "दादा, धरलंय ना त्यानं? मग राहू दे." त्यानं त्या गुठळीकडे बघितलं आणि कानस ठेवून दिली. ही एवढी एकच गोष्ट त्यानं माझी न भांडता ऐकली.

शर्यतीच्या दिवशी मात्र ती गाडी चालवायला कुणी मिळेना. हातात लेझरची गाडी असताना जुनी चालवून मागे कोण पडेल? 'नाही' असं कुणीच म्हणालं नाही. एकाला अचानक फोन आला, दुसऱ्याची पाठ दुखायला लागली. केतन म्हणाला, "काका, माझी स्वतःची गाडी आहे हो..." दादानं ट्रिगर उचलला. "मीच चालवतो." मी तर खुर्ची मागे सरकवून घेतली, गाडी आमच्याच अंगावर येणार म्हणून.

शर्यत सुटली. दादानं नेहमीसारखं दाबलं. पण त्याचं बोट आता दाबलेलं राहत नव्हतं. थरथरत सुटायचं, पुन्हा दाबलं जायचं, पुन्हा सुटायचं. पहिलं वळण आलं आणि गाडी, जरा कचरत, खुळखुळत, खाच न सोडता वळणातून बाहेर आली. दुसऱ्या वळणालाही तसंच. बाकीच्या गाड्या तिला मागे टाकत होत्या, मधूनमधून एखादी भिंतीवर आपटत होती, आणि ही म्हातारी कुठेही न उडता फेऱ्या मारत होती. केतन स्वतःच्या गाडीवरून नजर न काढता ओरडला, "काका, ट्रिगर सोडायला कुठे शिकलात?"

"शिकलो नाही. हात ऐकत नाहीये."

तो शेवटून दुसरा आला. शेवटच्याचं चाक निखळलं होतं. पण गाडी एकदाही खाचेबाहेर गेली नाही, आणि डावा सांधा टिकला. परतताना सिग्नलला रिक्षा थांबली तरी दादा उतरला नाही. संगम पूल ओलांडल्यावर म्हणाला, "मालू, म्हणजे इतकी वर्षं मी उगाचच दाबत होतो." मग स्वतःशीच हसला. त्या रविवारनंतर त्यानं आयर्न पुन्हा लावलं नाही. पावसाळा संपता संपता न्यूमोनिया झाला, आणि मग तो फोन.

केतन भेटायला आला तो नुसता उठबस करत होता. शेवटी म्हणाला, "आत्या, काकांची ती गाडी क्लबमध्ये काचेच्या पेटीत ठेवू म्हणतायत सगळे. खाली नावाची पाटी लावून." मी म्हटलं, "पेटीतच ठेवायची तर माझ्या कपाटात जागा आहे. पळवणार असाल तर ने." तो घेऊन गेला. ज्याची गाडी ऐनवेळी बिघडेल त्यानं ही घ्यायची, असं त्यांनी ठरवलं.

गेल्या रविवारी मला घरी बसवेना, म्हणून येरवड्याला गेले. गाडी केतनच्या हातात उलटी होती. डाव्या बाजूची गुठळी नव्हती. त्या जागी नवा, चकचकीत सांधा होता. मला ते आवडलं नाही, खोटं कशाला बोलू.

"परवा आपटली आणि सुटला," केतन म्हणाला. "मीच केला परत. कधी केलं नव्हतं आत्या, खूपदा बिघडला." त्याच्या अंगठ्याला भाजल्याचा फोड होता. "पण आता उडतेय. प्रत्येक वळणाला. कळतच नाही काय झालंय."

मी गाडी घेऊन कानाशी हलवली. आवाज नाही. सोल्डर वितळून बिजागरीच्या नळीत शिरलं होतं आणि पट्टी घट्ट बसली होती. हिंजवडीच्या या हुशार मुलानं नेमकी तीच चूक केली होती जी दादानं पहिल्या चासीत केली.

"घट्ट केलीस," मी म्हटलं. "नळीत आधी तेलाचा थेंब सोडायचा, मग सोल्डर आत जात नाही. माझ्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली दादा यासाठीच पळवायचा."

"तुम्ही करता?"

"मी गणवेश शिवते. तू कर. मी धरते."

आयर्न तापलं. त्यानं सांधा वितळवला, नळी साफ केली, तेल सोडलं, पुन्हा टेकवला. त्याचाही हात जरा हललाच. गार झाल्यावर त्यानं गाडी कानाशी नेऊन हलवली, आणि माझ्याकडे बघितलं.

"सैल झाली. आता?"

"आता लाव ट्रॅकवर," मी म्हटलं.