रांगोळीचा फेरफार

संशय घेण्याचा पगार मी तीस वर्षं घेतला. तलाठी होतो. वडूज, कोरेगाव, कराडकडची गावं, जिथं बदली होईल तिथं. वाटणीचा अर्ज घेऊन दोन भाऊ आले की तिसरा कुठं आहे, हे मी आधी विचारायचो. कुणी फार गोड बोललं की कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायचो. कुणाचीच हरकत नाही म्हटल्यावरच फेरफाराची नोंद मंजूर व्हायची. निवृत्त होऊन साताऱ्यात फ्लॅट घेतला, पण खोड गेली नाही. दूधवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत एकही माणूस माझ्या नजरेतून सुटलेला नाही.

बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं खाली बसणं बंद झालं. दारात रोज रांगोळी काढणारी बाई ती. दोन महिने नुसती खिडकीशी बसून असायची. जेवायलासुद्धा मी तीनदा हाक मारल्यावर यायची. मग सांगलीला दिलेली आमची लेक आली आणि तिनं आईला चौकटीची वही आणि रंगीत पेनं दिली. बायको टेबलावर पट्टी ठेवून ठिपके मांडायला लागली.

लेक कॉम्प्युटरच्या कामात आहे. तिनं त्या रांगोळ्यांचे फोटो काढून त्यांचे एनएफटी केले. मला समजलं ते असं: चित्राला एक नंबर मिळतो, आणि त्या नंबराचा मालक कोण हे जगभराला दिसेल अशा वहीत कायमचं नोंदलं जातं. हे ऐकून मी हसलो. इंटरनेटवरची रांगोळी कोण विकत घेणार?

पंधरा दिवसांनी लेकीचा फोन आला. चार नंबरची रांगोळी विकली गेली होती.

"आवं, ऐकलंसा का?" बायको म्हणाली. "कुणीतरी लांबच्यानं घेतलीया. ना वळख ना पाळख, आन् माजी रांगोळी घेतली!"

त्या दिवशी तिनं ओट्याशी उभं राहून शिरा केला. शेजारणीला बोलावून वही दाखवली. रोज एक नवी रांगोळी व्हायला लागली. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. ना वळख ना पाळख असलेला माणूस पैसे कशाला देईल? लेकीला कुणी जाळ्यात ओढत तर नसेल?

हे व्यवहार दाखवणारं एक टूल असतं, हे लेकीनंच मला कधीतरी सांगितलं होतं. ते उघडून मी चार नंबर शोधला आणि बघतो तर काय, पुढ्यात सातबाराच होता! टोकन, म्हणजे तो चित्राचा नंबर, कुणी तयार केलं, कधी केलं, आज मालक कोण, मधे किती हात बदलले, सगळं तारीखवार. नावं तेवढी नव्हती. नावाच्या जागी आकड्याअक्षरांचे लांबलचक पत्ते. पण मालक बदलल्याची नोंद होती, आणि फेरफार तो फेरफारच. नावं खोडलेले फेरफारही मी नोकरीत वाचलेले आहेत.

मालकाच्या पत्त्यावर बोट ठेवलं. त्याचं खातं विक्रीच्या आदल्या दिवशी उघडलेलं. खात्यात आमची रांगोळी सोडून दुसरं काही नाही. मग खात्यात पहिले पैसे आले कुठून ते पाहिलं. ज्या पत्त्यावरून रांगोळ्या तयार झाल्या होत्या, तिथूनच आले होते. म्हणजे विकणारी लेक आणि घेणारीही लेकच.

इथं गप्प बसायला हवं होतं. पण पकडल्याचा आनंद फार वाईट. मी बायकोला हाक मारली, शेजारी बसवलं आणि नव्या कोतवालाला शिकवावं तसं एकेक ओळ वाचून दाखवली. हा मालक, हे त्याचं खातं, ही तारीख, हा पैसा. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मंजी आपल्या लेकीनंच घेतली व्हय?" तिनं विचारलं.

"तेच तर सांगतोय!"

ती उठली, वही ड्रॉवरमध्ये ठेवली आणि खिडकीशी जाऊन बसली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. आईशी बोलून मग ती माझ्याशी बोलली. "आप्पा, तुमी खरं शोधलंसा. पण तिला कशापायी दाखवलंसा?" महिनाभर ड्रॉवर उघडला नाही. मला माझीच लाज वाटत होती.

शेवटी मी ठरवलं. आधार, पॅन, फोटो, चार वेळा चुकलेला पासवर्ड, असं करत चार दिवसांनी माझं खातं झालं. या वेळी लेकीचा एक पैसाही मधे येऊ दिला नाही. अकरा नंबरच्या रांगोळीला तिथल्या डिजिटल नाण्यात बोली लावली. लेकीनं कोण-काय न विचारता ती स्वीकारली आणि आईला फोन केला.

बायको हसली नाही. "पान उघडा," म्हणाली. चष्मा लावून माझ्याशेजारी बसली आणि मीच शिकवलेल्या क्रमानं एकेक ओळ वाचू लागली. मालक, खातं, तारीख, पैसा.

"खातं नवं हाय. एकच रांगोळी हाय. पैसा लेकीचा न्हाई," ती म्हणाली. मग तिचं बोट रकमेवर थांबलं. "पॉइंट शून्य एक शून्य एक. आवं, लांबचा मानूस वर एक कशाला ठिवंल?"

आहेराच्या पाकिटात शंभरावर एक ठेवायची आमच्या घरची रीत. बोली लावताना शेवटी एक टाकायला हात आपोआप गेला होता. इतकी वर्षं लोकांच्या चुका पकडल्या आणि स्वतःची दिसली नाही. आता ही पुन्हा खिडकीशी जाणार, या भीतीनं मी तिच्याकडे बघितलंच नाही.

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"माजी काय हरकत न्हाई," ती म्हणाली. "नोंद मंजूर करा."

आणि ड्रॉवरमधून वही काढून तिनं मला पट्टी धरायला बसवलं.