घटातला गहू आणि समोरची आजी

नवरात्रातले माझे नियम कडक आहेत आणि आमच्या घरात ते पाळायची अक्कल कुणालाही नाही. बहरीनमध्ये, माहूजच्या आमच्या फ्लॅटमध्ये एसी चालू ठेवला की घटातला गहू खुरटतो, आणि बंद केला की माणसं बोंबलतात. तरी दर वर्षी मी बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीतून गहू आणते, गावाहून पिशवीत भरून आणलेली काळी माती परडीत पसरते आणि घट बसवते. "विमानतळावर एक दिवस त्या मातीपायी तुला आत टाकतील," असं नवरा म्हणतो. टाकू देत.

आमच्या समोरच्या दारात एक फ्रेंच बाई राहते. झल्लाकच्या एका रिसॉर्टमध्ये ती केक-पेस्ट्रीचा विभाग सांभाळते. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं, तिचं माझ्याइतकंच मोडकं. मागच्या वर्षी तिच्या आईला पक्षाघात झाला. गावी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती आईला इकडे घेऊन आली. आजीचा हात सुधारला, ती चालायला लागली, पण तोंडातून शब्द फुटेना. समजत सगळं होतं. डॉक्टर म्हणाले, वाचा परत येईलही, नाहीतर नाही, तुम्ही बोलत राहा. लेक रोज कामावर जाण्याआधी आईसमोर बसून फ्रेंचमध्ये बडबडायची, जुने फोटो दाखवायची. "तिचा आवाज कसा होता तेच मी विसरत चाललेय," असं ती एकदा लिफ्टपाशी मला म्हणाली. मी काहीतरी वेड्यासारखं भाजीच्या भावाबद्दल बोलले.

दसऱ्याला मी दोघींना जेवायला बोलावलं. आजी सोफ्यावर बसायला तयार होईना. तिने खुर्ची ओढली ती थेट घटासमोर. गहू यंदा चांगला वीतभर वाढला होता, पिवळसर हिरवा, दाट. ती त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, दिव्याकडे बघतेय.

आरती झाली, घट हलवला. आता आमच्याकडे घटातलं धान उपटतात, आधी देवाला वाहतात आणि मग घरातल्या माणसांच्या कानावर खोवतात. मी नवऱ्याला वाकायला सांगितलं आणि गव्हाची एक मूठ धरून ओढली.

"लारंकेस पा!"

आवाज एवढा खणखणीत होता की आधी मला वाटलं, टीव्ही लागला. आजी उठून उभी राहिली होती. तिने माझं मनगट धरलं आणि माझ्यावर शब्दांचा मारा सुरू केला. रागावलेली म्हातारी कुठल्याही देशाची असो, कळते. मी मूठ सोडली. लेक हातातली पुऱ्यांची ताटली घेऊन तशीच खाली फरशीवर बसली, रडत आणि हसत.

"काय म्हणताहेत त्या?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "हे फ्रेंच नाही. ही आईची भाषा आहे. माझी नाही."

तिने तिच्या गावच्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याला फोन लावला आणि फोन आईपुढे धरला. आजी बोलली, पलीकडचा म्हातारा बोलला, मग त्याने लेकीला फ्रेंचमध्ये सांगितलं आणि तिने मला इंग्रजीत. उपटू नका. ते परत शेतात लावायचं असतं. नाहीतर माझी आई रागावेल, असं आजी म्हणत होती.

त्यांच्या गावात डिसेंबरच्या सुरुवातीला, एका ख्रिस्ती स्त्री-संताच्या दिवशी, बशांमध्ये गहू पेरतात. नाताळपर्यंत तो टेबलावर वाढवतात. चांगला हिरवागार आला तर वर्ष चांगलं जाणार. मग तो शेतात नेऊन लावतात. कुठलं ते फ्रान्सचं दक्षिण टोक आणि कुठली माझी परडी! आजीला माझा देव परका होता, पण गहू ओळखीचा होता. त्या दिवशी नवऱ्याचा कान रिकामाच राहिला. धान मी मुळासकट बाल्कनीतल्या कुंडीत लावलं, आजीच्या देखरेखीखाली.

ती भाषा ऑक्सितान. लेकीने मला तिच्याबद्दल सांगितलं, तेही थोडं संकोचून, कारण तिलाच फार माहीत नव्हतं. तिच्यात 'हो'ला 'ओक' म्हणतात आणि त्यावरूनच तिचं नाव पडलं. एका 'हो'वरून अख्ख्या भाषेचं नाव! आपल्याकडे ओव्या रचल्या जात होत्या त्याच सुमाराला तिच्यात दरबारांतून प्रेमाची गाणी गात होते, आणि ती ऐकून दुसऱ्या देशांतले कवी लिहायला शिकले. एवढं वैभव, आणि ते माझ्या खुर्चीवर बसून श्रीखंड खात होतं.

आणि मग शाळा आली. आजीच्या शाळेत ही भाषा बोलताना जो सापडेल त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. त्याने दुसऱ्या कुणाला पकडून दिलं, तरच तो उतरायचा. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार. आजीने म्हणूनच लेकीला एक शब्द शिकवला नाही. लहानपणी लेकीने विचारलं तर म्हणायची, "ते काही बोलणं नव्हे."

दसऱ्यानंतर आजी बोलायची ती फक्त माझ्या बाल्कनीत, कुंडीशी. घरात लेकीसमोर पुन्हा गप्प. लेक दारामागे उभी राहून ऐकायची आणि डोळे पुसायची. मला त्या म्हातारीचा संतापही यायचा. अगं, जिच्यासाठी बोलायचं ती इथे उभी आहे ना!

डिसेंबरात लेकीने मला सोबतीला तिच्या घरी बोलावलं. तिने तीन बशांमध्ये गहू पेरला होता. गावच्या शेजाऱ्याकडून फोनवर दोन शब्द घोटून घेतले होते. ती आईसमोर गुडघ्यांवर बसली आणि अडखळत म्हणाली, "पार्लो, माईरे." बोल, आई.

आजी दचकली. तिने पटकन लेकीच्या तोंडावर हात ठेवला आणि दाराकडे बघितलं. ऐंशी ओलांडलेली बाई, पण त्या नजरेत शाळेतली पोर होती. तिला स्वतःची भीती नव्हती. लाकूड लेकीच्या गळ्यात पडेल म्हणून ती घाबरली होती.

लेकीने तो हात हळूच बाजूला केला. उठली, फ्लॅटचं दार सताड उघडलं आणि पॅसेजमध्ये ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तेच दोन शब्द पुन्हा म्हणाली. वरच्या मजल्यावरचा केरळी मुलगा जिना उतरत होता, त्याने आत डोकावून हात हलवला आणि तो निघून गेला. दुसरं कुणी आलं नाही.

आजी उघड्या दाराकडे बराच वेळ बघत राहिली. मग "मा फियो," म्हणाली, माझ्या लेकी, आणि बोलायला लागली.