आर्डिथचा सकाळचा फोन

शेरीफच्या कचेरीत कामाला लागलो तेव्हा मला वाटलं होतं, आता चोर-दरोडेखोरांच्या मागे धावायचं. पण आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, माणसांपेक्षा गुरं जास्त, आणि चोरी म्हणजे कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या कळपात गेलेलं एखादं वासरू. तेव्हा धावणं राहिलं बाजूला. कोर्टाचे कागद घरोघर पोचवायचे, शाळेत नव्याने आलेल्या मास्तरणीच्या बोटांचे ठसे घ्यायचे, बाहेरच्या राज्यातून आणलेल्या ट्रकचा नंबर तपासायचा, गावाला गेलेल्यांच्या बंद घराभोवती चक्कर मारायची आणि कुणी वारलं की अंत्ययात्रेच्या पुढे गाडी काढायची, ही आमची कामं. मी फार कुरकुर करायचो. आर्डिथ क्लॉसन म्हणायची, "लायल, बंदूक आहे तिथंच राहू दे. इथं तुला पाय पुसून लोकांच्या घरात जायला आधी शिकावं लागेल."

आर्डिथ आमच्याकडे फोन आणि रेडिओच्या टेबलाशी बसायची. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, अंगात बारा महिने तोच हिरवा स्वेटर. नवरा ऐन गवतकापणीत ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या गेला आणि रानातल्या घरात तिचं मन लागेना, म्हणून ती गावात येऊन ही नोकरी करू लागली. बाई नाकासमोर चालणारी. तिने कुणाची चहाडी केली नाही की कुणाला खोटी शाबासकी दिली नाही. तिच्याशी खोटं बोलणं मात्र अवघड होतं, कारण दिवसभर तिच्या कानात माणसांचे आवाजच असायचे, चेहरे नाहीत.

सकाळचे फोन ही तिचीच खटपट. तिला लहानपणी शिकवलेल्या बाई एका हिवाळ्यात घरात एकट्या असताना वारल्या आणि बर्फ वितळेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. आर्डिथला ते फार लागलं. ती शेरीफच्या इतकी मागे लागली की त्याने अखेर हात टेकले. तेव्हापासून एकट्या राहणाऱ्या ज्या म्हाताऱ्या माणसांना हवं असेल त्यांना रोज सकाळी कचेरीतून फोन जाऊ लागला. फोन उचलला की झालं. नाही उचलला तर थोड्या वेळाने पुन्हा, आणि तोही नाही उचलला तर आमची गाडी निघायची आणि घरच्यांना कळवलं जायचं. या कामाला पैसे पडत नसत, पण आमच्याकडची माणसं अशी की फुकटच्या मदतीचीच त्यांना जास्त लाज. निम्मे जण "आर्डिथला बरं वाटावं म्हणून" नाव देत.

एमिल जेलिनेक त्यातलाच. पंच्याऐंशी ओलांडलेला, डांबरी रस्त्यापासून फार आत, टेकड्यांच्या कुशीतल्या घरात एकटा राहणारा. गुरं विकून झाली होती, जमीन शेजारच्या डेल ओस्टरगार्डला चारायला दिली होती, तरी म्हातारा रोज पहाटे डेलच्या गाईंना पाणी आहे का ते बघायला पाणी ओढणाऱ्या पवनचक्कीपर्यंत जायचा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो एमिल. कान मात्र पार गेलेले. आर्डिथ विचारायची, "एमिल, कसे आहात?" पलीकडून ओरडा यायचा, "काय?" मग ती तेच पुन्हा मोठ्याने विचारायची आणि तो म्हणायचा, "अजून गवताच्या वरच आहे. खाली गेलो की कळवीन." हे उत्तर त्याने गावातल्या कॅफेत इतक्यांदा सांगितलं होतं की ते अख्ख्या काउंटीला पाठ होतं.

एका हिवाळ्याच्या तोंडाला त्याचा फोन दोनदा चुकला. एकदा तो बाहेर कुंपण ताणत होता, एकदा न्हाणीघरात पाय घसरून जरा वेळ बसून राहिला होता. दोन्ही वेळा मी गेलो आणि दोन्ही वेळा त्याने मला दारातूनच हाकललं. पण नियमाप्रमाणे त्याच्या मुलीला, दूर लिंकन शहरात राहणाऱ्या जॅनेलला, कळवावं लागलं. ती आली आणि तिने बापाला बजावलं, "बाबा, आता पुन्हा एकदा फोन चुकला ना, तर मी घराला कुलूप लावणार आणि तुम्हाला माझ्याजवळच्या वृद्धाश्रमात नेणार. मला तिथं बसून रोज जीव मुठीत धरायला जमत नाही."

एमिलने ते कॅफेत सगळ्यांना ऐकवलं. शुक्रवार होता, सगळ्यांच्या पुढ्यात मिरचीदार घेवड्याचा रस्सा आणि दालचिनीचे गोड रोल. सगळा गाव त्याच्या बाजूचा झाला. आमच्याकडे शेजाऱ्याची गाय अडली तर मध्यरात्री उठून जातात, तिथं शेजाऱ्याला घरातून उठवतायत हे कोण बघत बसणार? त्याला त्याच घरात मरायचं होतं. एवढंच तर मागत होता तो.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी, मार्चमधली गोष्ट. रात्रीत पाणी गोठलं होतं. मी नुकताच कचेरीत येऊन कॉफी ओतून घेत होतो. आर्डिथचे फोन चालले होते. एमिलचा नंबर लागला, ती "कसे आहात?" म्हणाली, उत्तर ऐकलं, "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मग पुढचा नंबर न लावता ती तशीच बसून राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"गवताच्या वर आहे म्हणाला."

"मग?"

"पहिल्यांदा विचारलं तेव्हाच म्हणाला."

माझ्या काही लक्षात येईना. ती म्हणाली, "अरे, एमिलला पहिल्यांदा कधी ऐकू आलंय का? तो एमिल नव्हता."

तिने पुन्हा फोन लावला, तर कुणी उचललाच नाही. शेरीफ आतून म्हणाला, "एकदा उचलला ना? मग आपलं काम झालं. आता गाडी काढलीत तर मुलीला कळवावं लागेल, आणि म्हाताऱ्याचं घर जाईल. उगाच खाजवून खरूज कशाला काढताय?" तो वाईट माणूस नव्हता. मलाही तेच वाटत होतं. आर्डिथने चष्मा काढला, पुसला आणि मला म्हणाली, "लायल, तू जा. घर गेलं तर माझ्यामुळे गेलं म्हणून सांग." इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी चरफडतच किल्ल्या उचलल्या.

एमिलच्या स्वयंपाकघरात डेल ओस्टरगार्ड बसला होता. समोर कॉफी, टोपी मांडीवर.

"एमिल कुठाय?"

"असेल इथंच. पाणी बघायला गेला असेल."

"फोन कुणी उचलला डेल?"

तो कपात बघत राहिला. "हवा काय गार पडलीय," म्हणाला.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. फोन कुणी उचलला?"

"मी," डेल म्हणाला. "मी कॉफी प्यायला आलो तर हा घरात नाही आणि फोन कोकलतोय. म्हटलं, येईलच एवढ्यात. उचलला नसता तर तू आला असतास, मग जॅनेल आली असती. पुन्हा वाजला तेव्हा मात्र मी घाबरलो. आर्डिथने ओळखलं असणार असं वाटलं. लायल, तू असतास तर काय केलं असतंस?"

मीही उचलला असता. पण ते त्याला सांगायला वेळ नव्हता, कारण एमिलचा ट्रक अंगणात नव्हता आणि डेलला येऊन बराच वेळ झाला होता. आम्ही दोघे माझ्या गाडीतून पवनचक्कीकडे निघालो. 

एमिल पवनचक्कीखालच्या पाण्याच्या टाकीपाशी पडला होता. टाकीतला बर्फ फोडताना कुऱ्हाड निसटली, तोल गेला आणि खुबा मोडला. एक पाय पाण्याने भिजून कपड्यासकट कडक झाला होता. डेलच्या गाई त्याच्याभोवती उभ्या होत्या. ओठ निळे पडलेले, पण डोळे उघडे. मला बघून तो म्हणाला, "तुला कुणी बोलावलं?" डेलने आपला कोट काढून त्याच्या अंगावर घातला आणि तिथेच गुडघ्यांवर बसून रडायला लागला. म्हाताऱ्याने त्याला शिवी हासडली. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर हाती लागला नसता.

तीन आठवड्यांनी मी आर्डिथला हॉस्पिटलात घेऊन गेलो. तिने घरी केलेले दालचिनीचे रोल नेले होते. एमिल उशांना टेकून बसला होता, दाढी केलेली, बराच रोडावलेला. जॅनेल खिडकीशी उभी होती. बापलेकींचं बोलून बोलून झालं असावं, कारण दोघांचेही चेहरे ओढलेले होते.

जॅनेल म्हणाली, "आर्डिथ, बरं झालं तुम्ही आलात. बाबा म्हणतात, काठी घेऊन चालता येईल, घरीच राहीन. रोज तुमचा फोन असतोच म्हणतात. माझं ते ऐकत नाहीत आणि मी त्यांचं ऐकत नाही. तुम्ही रोज त्यांच्याशी बोलता. तुम्ही सांगा. तुमच्या फोनच्या भरवशावर मी यांना तिथं एकटं ठेवू का? तुम्ही हो म्हणालात तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

एमिलने मान पुढे केली. आर्डिथ काय म्हणते ते त्याला नीट ऐकायचं होतं. आणि मला वाटलं, म्हण बाई, हो म्हण. काय जातंय तुझं? दोन वर्षं काढील म्हातारा आपल्या घरात, आणि मग पडला तर पडला.

आर्डिथने रोलचा डबा पलंगावर ठेवला. "नाही," ती म्हणाली. मग त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्याने, "नाही, एमिल. माझ्या फोनच्या भरवशावर नाही. फोन सकाळी एकदा वाजतो. तुम्ही दिवसभर पडता."

एमिलने रोलचा डबा हाताने दूर सारला. मग एमिल म्हणाला, "डेल माझ्यासाठी खोटं बोलला असता."

"बोललाच की. म्हणून तर तुम्ही तिथं तेवढा वेळ पडून होतात."

"माझ्या जमिनीवर पडून होतो," एमिल म्हणाला. "तुला काय त्याचं? तिथंच संपलो असतो तर तुझं काय जात होतं, पोरी?"

आर्डिथने स्वेटर अंगाभोवती ओढून घेतला.  एमिलने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर मी तिच्यावर उखडलोच. "एक शब्द गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली, "त्या गोड शब्दावर जॅनेल निर्धास्त झोपली असती, लायल." एवढं बोलून ती बाहेरच्या गवताकडे बघत राहिली.

घराला कुलूप लागलं. एमिल लिंकनच्या वृद्धाश्रमात गेला. आणि आर्डिथने एक गोष्ट केली जी नियमात कुठेच बसत नव्हती. यादीतले सगळे फोन झाले की ती लिंकनला, एमिलच्या खोलीत, फोन लावायची. तो उचलायचा नाही. ती पुरेपूर वाजू द्यायची आणि ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. उन्हाळा गेला, गवत कापून झालं, तरी चालूच. मी म्हणायचो, "अगं, हात दाखवून अवलक्षण कशाला? त्याला तुझ्याशी बोलायचं नाही." ती म्हणायची, "त्याचं तो बघेल." पण फोन ठेवताना रोज तिचा चेहरा उतरायचा, आणि ते बघणं नको म्हणून मी त्या वेळेला बाहेर जाऊन गाडी पुसायचो.

ऑक्टोबरात एमिल गेला. झोपेतच गेला. जॅनेलने त्याला आमच्याकडे, त्याच्या बायकोशेजारी पुरायला आणलं. अंत्ययात्रेच्या पुढे गाडी माझी होती. समोरून येणारा प्रत्येक ट्रक बाजूला घेऊन थांबला, टोप्या उतरल्या. डेल आपल्या फाटकाशी भर रस्त्यात उतरून उभा होता. आर्डिथ माझ्या शेजारी बसली होती. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरातल्या सभागृहात जेवणं चालली असताना, वृद्धाश्रमातून आलेली एक नर्स लोकांना विचारत विचारत आमच्या टेबलापाशी आली.

"सकाळी फोन करायच्या त्या तुम्हीच का?" तिने विचारलं.

आर्डिथ उठून उभी राहिली. "हो. तुम्हाला त्रास झाला असेल रोजचा. माफ करा."

"त्रास कसला? ते फोन यायच्या आधी दाढी करून, शर्ट घालून फोनशेजारी खुर्ची टाकून बसायचे. त्यांना ऐकू तर येत नव्हतं, म्हणून फोनवर हात ठेवून बसायचे. वाजला की हाताला कळायचं. एकदा मी उचलायला गेले तर केवढ्याने खेकसले माझ्यावर. 'माझा आहे तो,' म्हणाले. वाजून थांबला की मग नाश्त्याला यायचे. फोन येईपर्यंत कधी खाल्लं नाही त्यांनी."

आर्डिथ खाली बसली. तिने समोरची बशी बाजूला सारली, दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले, आणि सगळ्या गावासमोर, आवाज न लपवता, रडली.