कोण मागे राहील?

विमानवाल्या बाई गेल्या. त्यांच्यावर मी चार ओळी लिहाव्यात, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी सुचवलं. वरच्या मजल्यावर त्या, खाली मी. पण मला त्यांची माहिती फार थोडी. जिन्यात गाठ पडायची, तेवढीच.

विमानतळाच्या काउंटरवर त्यांनी उभा जन्म काढला. स्वतः मात्र विमानात क्वचितच बसल्या असतील.

एकदा मी विचारलं, "जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात, हे खरं का हो?"

"खरंच की. काही लोक येतच नाहीत, त्या हिशोबानं विकतात. सगळे आले की आमची पंचाईत! सरकारचा नियम आहे, आधी विचारायचं, आपखुशीनं कोण मागे राहतंय? त्याला भरपाई द्यायची, पुढच्या विमानात बसवायचं."

"आणि कोणीच तयार नसलं तर?"

"मग मी एकटं कोण आलंय ते बघायची. आई खाली नि लेकरू आकाशात, असं कसं चालेल, भाऊ? एकट्या माणसाची कोणी वाट बघत नसेल, असं आपलं धरून चालायची."

त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्या धाकट्या भावाचं ऑपरेशन ठरलं. त्याला आत नेण्याआधी भेटायचंच, म्हणून त्या निघाल्या. आठवड्यानं परतल्या, तेव्हा मी दारातच होतो. बॅग पायरीवर टेकवून सांगू लागल्या. विमानाला माणसं जास्त झाली होती. मागे राहायला कोणी तयार नव्हतं. काउंटरवरच्या मुलीची नजर फिरत फिरत यांच्यावर येऊन थांबली.

"मीच शिकवलेली पोरगी! म्हणते, 'मॅडम, तुम्ही तर आमच्यातल्याच.' मी म्हटलं, नाही जमायचं बाई, माझा भाऊ वाट बघतोय. मग तिनं दुसऱ्या एका एकट्या गृहस्थाला थांबवलं."

"बरं केलंत. भेट झाली ना?"

"झाली. खाटेभोवती सगळं गोकुळ जमलेलं. मला बघून म्हणाला, 'अगं, तू कशाला धावत आलीस? आहेत की सगळे.'"

बाई बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिल्या.

"बरा आहे आता. पण त्या पोरीशी मी खोटं बोलले, असंच झालं ना?"

थोड्याच दिवसांनी बाई झोपेतच गेल्या. मधे आमची गाठ पडली नाही.

"जिन्यातला दिवा गेलाय," त्या दिवशी त्या बॅग उचलून वर निघाल्या, तेव्हा मी म्हणालो. "जपून जा."

"पायऱ्या पाठ आहेत हो, भाऊ. तुम्ही दार लावून घ्या, गार वारं येतंय."