खरखर कुठंय?

दादा गेल्याचा फोन आला. नळदुर्गच्या घरी मी पोचले, तोवर सूतगिरणीचे जुने चेअरमन ओसरीवर बसून हळहळत होते. "लई शांत मानूस. त्यांच्या काळात कसली तक्रार न्हाय." मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. माझा थोरला भाऊ शांत कधीच नव्हता. त्याला गप्प बसवलं होतं.

ऐंशीच्या दशकात तो त्या सहकारी गिरणीत इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता. मोटारींचा वेग कमीजास्त करणारी नवी पॅनेलं येणार होती. ही पॅनेलं वीज तोडून तोडून देतात, त्याची खरखर तारांतून गावभरच्या रेडिओंत पसरणार, म्हणून ती गाळणारा फिल्टर आधीच बसवा, असं दादाचं म्हणणं. केबल किती लांब, मोटार केवढी, यावरून खरखर किती होईल याचा अंदाज तो बांधत बसे. आधी अंदाज कशाला, असं मी म्हटलं तर माझ्यावरच डाफरला, "ज्वारी का करडई, ते न बघता चाळणी घेतीस व्हय तू?" बैठकीत मात्र चेअरमन हसले, "मशीन यायच्या आधीच तुम्हाला खरखर ऐकू येती व्हय?" सगळे संचालक हसले.

पॅनेलं आली. दुष्काळाचे दिवस, पावसाची बातमी ऐकायला माणसं पारावरच्या रेडिओभोवती जमायची, आणि ऐकू यायची नुसती खरखर. लोक गिरणीच्या गेटवर चालून गेले, तेव्हा कुठं फिल्टरला मंजुरी मिळाली. दादानं आपल्या अंदाजाबरहुकूम कॉइल आणि कपॅसिटरचा डबा बनवला. मी ट्रान्झिस्टर घेऊन गिरणीच्या भिंतीपाशी उभी राहिले… बातम्या स्वच्छ! दादा लहान पोरासारखा हसला.

पुढं चेअरमननी विचारलं, "आता खरखर कुठंय? मग ह्या डब्याचं काय काम?" डबा उगाच तापतो, वीज खातो, म्हणून काढला. वॉचमन त्यावर बसू लागला. खरखर परतली, आणि ठपका कुणावर? इंजिनिअरचं काम कच्चं! दादा भांडला, ओरडला. त्याला स्टोअरला सुताच्या बॉबिनी मोजायला बसवलं. त्यानंतर तो घरीसुद्धा फारसा बोलला नाही. मला त्या अन्यायाचा अजून संताप येतो.

परवा त्याच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखालचा तो ट्रान्झिस्टर लावला. बातम्या अगदी स्वच्छ लागल्या. गिरणीला टाळं लागून किती वर्षं झाली… चेअरमनना बोलावून ऐकवावं वाटलं. ऐका साहेब, आता खरखर कुठंय?