मावशींनी सोडलेला नंबर

रांगेत उभं राहायला जिला मनापासून आवडायचं अशी अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच बाई होऊन गेली, आणि ती नेमकी माझ्या नणंदेची सासू होती. काष्टीला त्यांचं घर. मी त्यांना मावशी म्हणायचे. रॉकेल असो, रेशन असो, गॅसची टाकी असो, मावशी सुनांना जाऊ देत नसत, स्वतःच निघत. पिशवीत पाण्याची बाटली, निवडायची मेथी आणि टेकायला एक पोतं. रांग दिसली की ती कशाची हे विचारण्याआधी त्या शेवटच्या माणसामागं जाऊन उभ्या राहिलेल्या असत. एकदा तासभर उभं राहून खिडकीपाशी पोचल्यावर कळलं, हा जनावरांचा दवाखाना आहे. पुढंमागं चार शेळ्या होत्या, पण शनिवार, म्हणजे काष्टीच्या जनावरांच्या बाजाराचा दिवस असल्यामुळं मावशींना वाटलं, लोक बाजारातून परस्पर आलेत. घरी येऊन त्यांनी चार वस्त्यांवरच्या गुराढोरांची खबरबात सांगितली. वेळ फुकट गेला असं त्यांना अजिबात वाटलं नाही.

माझ्या नणंदेचं स्थळसुद्धा त्यांनी श्रीगोंद्याला, दाखल्याच्या रांगेत पक्कं केलं. माझ्या सासूबाई त्यांच्या पुढं उभ्या होत्या. घरी जाऊन मावशींनी मुलाला सांगितलं, "दोन तास हुती बाई, येकदा बी पुढं घुसली न्हाई. अशा आईची लेक डोळं झाकून करावी." आणि केली. मध्ये घुसणाऱ्यावर त्या कधी ओरडत नसत. खांद्यावर हात ठेवून काळजीनं विचारत, "आजारी हाय का रं बाळा?" तो नाही म्हणाला की, "मंग घरचं कुनी गेलं का?" एवढ्यात रांग हसायला लागे आणि भलाभला पांढऱ्या कपड्यातला माणूसही मुकाट मागं जाई.

ही गोष्ट नव्वदनंतरची, गावोगावी टीव्ही पोचत होते तेव्हाची. काष्टीच्या यात्रेत त्या वर्षी पाण्याच्या टाकीपेक्षा उंच, विजेवर चालणारा पाळणा आला होता. माझे वडील, अण्णा, तेव्हा माझ्याकडं राहायला आले होते. त्यांचा जन्म विहिरी खोदण्यात गेला. आता काचबिंदूनं दृष्टी चालली होती. उरलंसुरलं दिसायचं ते उजेडातच. दिवस मावळला की सगळं काळं. पाळण्याचं ऐकल्यावर ते म्हणाले, "पोरी, जिनगी खाली उतरन्यात गेली. येकदा वरनं कसं दिसतं ते बघू दे."

शाळा सुटल्यावर त्यांना घेऊन मी पोचले तोवर ऊन उतरायला लागलं होतं. रांग पार भेळेच्या गाड्यांपर्यंत गेलेली. तिकीट पाच रुपये. पण दहा देणाऱ्याला पाळणेवाला 'स्पेशल' म्हणून थेट वर चढवत होता. स्पेशलवाले येत राहिले की रांग जागची हलत नव्हती. कुणी तक्रार केली तर तो म्हणे, "ज्याला घाई त्यानं जादा द्यावं. माझी जबरदस्ती हाय का?" मला ते पटलं. मास्तरणीच्या पगारात तेवढं बसत होतं. मी दोन स्पेशल काढली.

रांगेत पुढून चौथ्या होत्या मावशी. त्यांनी माझ्या हातातली तिकिटं पाहिली.

"कुनाकडनं घेतलीस?"

"पाळणेवाल्याकडून."

"पाळना त्याचा हाय, त्यो त्यानं खुशाल इकावा. ह्या मानसांचा नंबर त्यो कसा काय इकतो?"

मला राग आला. चारचौघांत शिकवण कशाला? मी तावातावानं अण्णांच्या डोळ्यांचं सांगितलं, दिवस मावळायला किती थोडा वेळ उरलाय तेही सांगितलं. मावशींना हे काहीच ठाऊक नव्हतं. मग रांगेकडं वळून त्यांनी मोठ्यांदा विचारलं, "पाव्हन्यांची नजर चाललीया. उजेड हाय तवर वर जायचंय. जाऊ द्यायचं का?"

बरेच जण हो म्हणाले. मावशींच्या मागं, कडेवर मूल घेतलेली एक बाई मात्र म्हणाली, "आमी बी कवापासनं हितंच हाय की."

"खरं हाय तुजं," मावशी म्हणाल्या. "मंग माजा नंबर त्यास्नी. मी मागं जाते. तुजं काय गेलं न्हाई."

पिशवी उचलून त्या शेवटाकडं चालूही लागल्या. ती बाई मूल दुसऱ्या कडेवर घेऊन मला म्हणाली, "न दिसनाऱ्या मानसाला येकटं वर धाडतीस व्हय? तू बी जा त्येच्यासंगं. माज्या पुढनं जा."

मी स्पेशल तिकिटं परत केली आणि साधी घेतली. पाळणेवाल्यानं कपाळावर हात मारला, पण बदलून दिली.

आम्ही वर गेलो. खाली उसाचे फड, रेल्वेचे रूळ, बाजारतळावरची माणसं, सगळ्यावर तांबूस उजेड. अण्णा दांडी धरून पुढं वाकले आणि ओरडलेच, "अगं, त्यो बघ, हिरवा पट्टा! तितं पानी हाय! वरनं दिसतंय की सगळं! आन् आमी खाली उतरून हुडकत बसलो!" आणि लहान मुलासारखे हसत सुटले.

आम्ही उतरलो आणि दोनेक फेऱ्यांतच वीज गेली. वर अडकलेल्यांना लोकांनी हातानं चाक फिरवून खाली घेतलं. पाळणा बंद झाला. रांगेच्या टोकाला मावशी अजून उभ्या होत्या. त्या अण्णांना एवढंच म्हणाल्या, "दिसलं का?" मला एसटी गाठायची घाई होती.

वर्षाच्या आत अण्णांना दिसायचं थांबलं. पण कुणी भेटायला आलं की ते तो हिरवा पट्टा हवेत बोटानं काढून दाखवत, आणि तेवढा वेळ त्यांचा चेहरा उजळलेला असे.

मावशींचे गुडघे पुढच्या यात्रेआधीच धरले, आणि मग तो पाळणाही काष्टीला आला नाही. त्या गेल्यावर बोलता बोलता नणंद म्हणाली, आमच्या सासूबाई जन्मात कधी पाळण्यात बसल्या नव्हत्या. लहानपणी बापानं बसू दिलं नाही, पुढं संसारात राहून गेलं. त्या वर्षी मात्र ठेवणीतलं लुगडं नेसून, "आज म्या बसनार" असं घरात सांगून त्या दुपारी दोनलाच रांगेत गेल्या होत्या.

मी त्या दिवशी जाताना त्यांना फक्त "येते हं मावशी" एवढंच म्हटलं होतं.