मोनालीची भूक

"आदी पोरीला घास दे, मग तू खा. आमच्याकडं असंच हाय."

रत्नाबाईंच्या खानावळीत नवा माणूस जेवायला बसला की त्याला हे ऐकावंच लागायचं. पाम गावच्या रत्नाबाई बोईसरला कारखान्यांतल्या कामगारांसाठी खानावळ चालवतात. तांदळाची भाकरी, वरण-भात, वालाची भाजी, कधी सुकट. नऊ वर्षांची नात मोनाली पंगतीत पाणी वाढत फिरायची. समोर लहान मूल आलं तर पहिला घास त्याचा, हा रत्नाबाईंचा नियम. उत्तर प्रदेशातून नवीन आलेला रामकिसन तो विसरला, तर त्यांनी त्याच्या ताटातली भाकरीच उचलली होती!

मोनालीला पूर्वी फिट यायची. शाळेत, नळावर, कुठेही. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि होळीनंतर एकही फिट आली नाही. शिवाय पोरगी अंगाने भरली, गाल वर आले. खाते म्हणजे बरी झाली, असा रत्नाबाईंचा सरळ हिशेब.

डॉक्टरीणबाईंचा हिशेब वेगळा निघाला.

"आजी, गोळी छान लागू पडलीय. पण वजन असंच वाढत राहिलं तर बदलावी लागेल. दुसरी अशीच लागू पडेल, याची खात्री नाही."

"म्हंजे फिट परत?"

"येऊ शकते. म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, कमीही करायची नाही."

"मग पोरीला उपाशी ठेवू? खानावळवालीच्या नातीला?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "उपाशी कशाला? हे बघा, पोट भरलं हे मेंदूला कळवायला अंगात लेप्टिन नावाचं संप्रेरक असतं. ही गोळी घेणाऱ्या काही मुलांच्या रक्तात ते भरपूर दिसतं, पण मेंदू त्याला दादच देत नाही. जेवून उठलं तरी भूक वाटते."

"म्हंजे हावरी नाय ती?"

"नाही हो. तिला खरंच भूक लागते."

घरी बिस्किटं बंद झाली. ताटातली भाकरी कमी झाली, काकडी वाढली. तरी पुढच्या वेळी काटा वरच.

मोनालीची आई दीपाली चिडली. "आई, तुमीच चोरून देता तिला!"

"देवाशपथ नाय गं!"

शेगडीपाशी रत्नाबाईंची पाठ पंगतीकडे असायची. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम दारात येऊन उभ्या राहिल्या. मोनाली पाण्याचा जग घेऊन फिरत होती. रामकिसनने तिला वरण-भाताचा घास भरवला. शेजारच्या इंद्रजीतने भाकरी-सुकट. मग त्याच्या पलीकडच्याने. अख्खी पंगत नियम पाळत होती!

"थांबा रे मेल्यांनो!"

सगळे हात ताटातच थांबले.

"आजपासून जो पोरीला घास देल, त्याचं ताट बंद!"

"मौसी, आपने ही तो सिखाया," रामकिसन कळवळला.

"मीच शिकवलं, मीच मोडते. तिची गोळी टिकवायची हाय मला."

मोनालीने जग खाली ठेवला. सगळे आपल्याकडेच बघतायत हे तिला कळलं. "मी हावरट नाय, आजी. मला भूक लागते."

रत्नाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "ठाव हाय मला. डॉक्टरीण बोलली. त्या गोळीनं लागते, तुझा काय दोष नाय. ये, बस."

शेवटचा माणूस उठल्याशिवाय रत्नाबाई कधी जेवल्या नव्हत्या. त्या दिवशी भर पंगतीत त्यांनी दोन ताटं वाढली, एक नातीचं, एक स्वतःचं.

"माझे दात चारच. माझ्या आदी उठायचं नाय. हळू चाव."

"मग संध्याकाळ होईल, आजी!"

पंगत हसली. मोनालीही हसली आणि चावत राहिली. पुढे तेच रोजचं झालं. जेवण झालं की इंद्रजीत तिला अंगणात चेंडू टाकायचा. "घास बंद, आता कॅच घे!"

पुन्हा पालघर. डॉक्टरीणबाईंनी काटा पाहिला, मग उंची मोजली.

"वजन तेवढंच आहे. उंची वाढलीय. गोळी हीच राहू दे."

"परत बोला."

"हीच गोळी राहू दे, आजी."

बाहेर वडे तळत होते. मोनाली थबकली. "भूक लागली."

"लागणारच. चल, स्टेशनपर्यंत चालत जाऊ. रिक्षा नको."

मोनालीने तोंड वाकडं केलं, वड्यांकडे एकदा बघून घेतलं आणि तरातरा पुढे निघाली.

"अगं हळू! मला दम लागतो!"